मुलगा ऑनलाइन सट्ट्यात अडकलाय? आधी हे करा

मोबाइल हिसकावू नका. तो मित्राच्या फोनवरून खेळेल. आधी बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा. मॅचच्या वेळेत शंभर-दोनशेचे लागोपाठ यूपीआय व्यवहार, तेही दरवेळी वेगळ्याच अनोळखी नावावर, ही ठळक खूण. २०२५ च्या कायद्याने पैसे लावायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणली, पण टेलिग्रामवर लिंका फिरतातच.

बोलायचं ते मॅच नसलेल्या दिवशी. ‘का केलंस?’ नको, ‘देणं किती?’ विचारा. पहिला आकडा बहुधा अर्धवट असतो. दोन दिवसांनी पुन्हा विचारा, वहीत नावानिशी लिहा. उधारी फेडायला पैसे त्याच्या हातात देऊ नका, थेट देणेकऱ्याला द्या. ‘एकदाच लावतो, सगळं वसूल होईल’ हा मोह तिथेच उसळतो.

स्वतःचा यूपीआय पिन बदला, सेव्ह केलेली कार्डं काढा, रोजची मर्यादा कमी करा. त्याने आपलं खातं कुणाला ‘भाड्याने’, म्हणजे दुसऱ्याचे पैसे फिरवायला, दिलं असेल तर त्याच दिवशी बँक गाठा. त्यात पोलीस केस होऊ शकते.

चिडचिड, झोपमोड सुरुवातीला होणारच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जगण्यात अर्थ नाही असं तो म्हणाला, तर एकटं न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.