पान पिवळं, मग हिरवं: वाचनातून मैत्री कशी जमवायची

मी सांगलीची. एका छापखान्यासाठी घरी बसून मुद्रितं तपासते: लग्नपत्रिका, बँकांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंक. वय ३८. मला ऑटिझम आहे हे ३२व्या वर्षी कळलं. त्याआधी 'तुटक', 'माणूसघाणी' आणि आमच्या आत्याचा लाडका शब्द 'घुमी', एवढी निदानं घरच्या घरी झालेली होती. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. मी स्वतःत मग्न नसते, समोरच्या पानात असते. पानावर कुणी माझ्याबरोबर असलं तर मला आवडतंच.

गेली चार वर्षं तसं कुणीतरी आहे. ती भंडाऱ्याची, तीही ऑटिस्टिक. मी तिला 'भंडारा' म्हणते, ती मला 'सांगली'. आठवड्याला बारा पानं आम्ही सोबत वाचतो आणि लिहून बोलतो. निदान झालेल्या मुलांचे आईबाप, माझ्यासारखी उशिरा कळलेली मोठी माणसं, सगळे विचारतात की हे जमवलं कसं. तर ते असं.

आधी काम शोधा, माणूस नंतर. 'चला, मैत्री करू या' म्हणून कुठे गेलात तर तिथे पहिली अट असते की स्वतःबद्दल चार ओळी लिहा. माझी बोटं तिथेच गोठतात. दोघांच्या मध्ये काहीतरी वस्तू लागते, जिच्याकडे दोघांनी बघायचं, म्हणजे एकमेकांकडे बघावं लागत नाही.

आमची वस्तू होती मराठी विकिस्रोत. हक्कमुक्त झालेली जुनी पुस्तकं तिथे स्कॅन करून चढवलेली असतात. एका बाजूला छापील पानाचं चित्र, शेजारी यंत्रानं ओळखलेला मजकूर. तो चित्राशी ताडून दुरुस्त करायचा. न तपासलेलं पान लाल दिसतं. एकानं तपासलं की पिवळं होतं. दुसऱ्या कुणी ते पुन्हा तपासलं तरच हिरवं होतं. आपलं पिवळं पान आपल्याला हिरवं करता येत नाही. मला ही व्यवस्था फार आवडते: कुणालाही हाक न मारता दुसऱ्या माणसाची गरज लागते.

माझी पिवळी पानं कुणीतरी रात्री दोनच्या सुमाराला हिरवी करत होतं. तीन आठवडे आम्ही एक शब्द बोललो नाही, तरी मला तिच्याविषयी बरंच कळलं होतं. ती घाई करत नाही. 'ध' आणि 'घ' मधला फरक सोडत नाही. तळटीपा वाचते. (लग्नासाठी आलेल्या एकाही बायोडेटात माणसाची एवढी ओळख मला मिळाली नव्हती.) मग एका रात्री तिनं चर्चापानावर लिहिलं, 'पान ४७, ओळ ९. भार की मार? शाई पुसट आहे.' नमस्कार नाही, कशा आहात नाही. मी उत्तर दिलं, 'भार. खालच्या ओळीत ओझं आहे.' झाली ओळख.

सगळ्यांना मुद्रितं तपासायला आवडणार नाहीत, मान्य. मग मराठी विश्वकोश घ्या. वाईहून निघालेला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या प्रमुख संपादकत्वाखाली उभा राहिलेला तो पसारा आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. दोघांनी आठवड्याला एक नोंद ठरवायची आणि त्यातल्या एका वाक्यावर एकमेकांना लिहायचं. आगगाड्यांबद्दल दिवसभर बोलणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला वर्गात श्रोता मिळत नाही. वाफेच्या एंजिनावरची नोंद वाचणारा दुसरा मुलगा मात्र लातूरला असू शकतो.

हे चालतं का, याचं उत्तर मला अनुभवानं आधी मिळालं आणि वाचून नंतर. डेमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ साली मांडलं की न उमजण्याची अडचण दुहेरी असते: आम्हाला इतरांचं कळत नाही म्हणतात, पण इतरांनाही आमचं कळत नसतं. पुढे २०२० साली कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखाच होता तो. एक गोष्ट आठ जणांच्या साखळीतून पुढे सांगत न्यायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती गोष्ट जवळजवळ तेवढीच टिकली जेवढी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत टिकली. जास्त गळती झाली ती मिसळलेल्या साखळ्यांत. मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'म्हणजे माझं तुला कळत नाही आणि तुझं मला कळत नाही, यात नवीन काय?' बरोबर आहे तिचं.

पुस्तक निवडताना एकच गोष्ट कसोशीनं पाळा: दोघांकडे तीच आवृत्ती हवी. पान क्रमांक जुळले नाहीत तर पहिल्याच आठवड्यात वैताग येतो. त्यासाठी हक्कमुक्त पुस्तकं सोयीची, कारण दोघी एकच स्कॅन उघडू शकतात. आपल्याकडे लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११च्या सुरुवातीपासून मोकळं झालं. याच हिशोबानं इतर लेखक काढा.

ऑटिस्टिक माणसांना कथा-कादंबऱ्या नको असतात, नुसती माहिती हवी असते, असं काही समुपदेशकही सांगतात. मी वर्षाला चाळीस कादंबऱ्या वाचते. माझी अडचण भावनांची नाही, नावांची आहे. जुन्या मराठी कादंबरीत एकच इसम सदाशिवराव असतो, तात्या असतो, बायकोसाठी 'इकडून' असतो, पुतण्यासाठी काका आणि आईसाठी सदू. पन्नास पानांपर्यंत मी पाच माणसं धरून चालत असे. म्हणून वाचायला घेण्याआधी एक तक्ता करा. डावीकडे माणूस, उजवीकडे त्याला कोण काय म्हणतं. आमचा तक्ता भंडारा करते, मी त्यात भर घालते. कधीकधी पुस्तकापेक्षा तक्त्याचंच जास्त बोलणं होतं, होऊ द्या.

आता मेसेजचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मैत्र्या इथेच मोडतात.

लिहून बोलण्यात आम्हाला वेळ मिळतो. चेहरा वाचावा लागत नाही, आवाजातला चढउतार ओळखावा लागत नाही, उत्तर दुसऱ्या दिवशी दिलं तरी चालतं. पण लिहिलेल्या 'ठीक' या एका शब्दानं माझी अख्खी दुपार जाऊ शकते. राग आहे? कंटाळा आहे? की नुसतंच ठीक? म्हणून जे बाकीचे लोक गृहीत धरतात ते आम्ही लिहून ठरवलं. प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला एक खूण: 'शंका' म्हणजे उत्तर हवं आहे. 'ऐक' म्हणजे वाच आणि सोडून दे. 'उत्तर नको' म्हणजे खरंच नको. 'ठीक' एकटं पाठवायचं नाही, 'ठीक, राग नाही' असं पाठवायचं. निळ्या टिका बंद. व्हॉइस नोट बंद. फोन आधी विचारल्याशिवाय नाही, आणि चार वर्षांत दोघींपैकी कुणी विचारलेलं नाही.

सगळ्यात कामाची खूण पूर्णविरामाची. डोकं शिणलं, आवाज सोसेनासे झाले, लिहिणंही नको झालं की एक टिंब पाठवायचं. अर्थ: मी आहे, तुझ्यावर काही नाही, आज बोलणार नाही. गेल्या गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळानं डीजे लावला तेव्हा मी अकरा दिवसांत अकरा टिंबं पाठवली. पलीकडून रोज एक टिंब आलं. बारा पानं तेवढी राहिली.

आणि एकाची गाडी सुटली की सुटू द्या. भंडारा मालगुजारी तलावांवर (तिकडच्या जुन्या जमीनदारांनी, म्हणजे मालगुजारांनी, बांधलेल्या तलावांवर) लिहायला लागली की चाळीस-चाळीस मेसेज येतात: पाळ कशी घालायचे, पाणी शेतात कसं सोडायचे, कुठला तलाव आता गाळानं भरला आहे. मी सगळं वाचतेच असं नाही, आणि हे तिला माहीत आहे. बदल्यात जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यातल्या टायपाबद्दल मी लिहिते तेव्हा तीही डुलकी काढत असेल. आमच्यात फक्त एवढं ठरलं आहे की लांबलचक मेसेजबद्दल माफी मागायची नाही. आयुष्यभर ती मागून झाली आहे.

भांडणही सांगते. पहिल्या पावसाळ्यात तिचा मेसेज आला, 'ऐक. आज सकाळपासून पानी येऊन राहिला.' मी सवयीनं उलट लिहिलं, 'पाणी. येतं आहे.' मुद्रितशोधकाचा हात, दुसरं काही नाही. मग नऊ दिवस काही नाही. टिंबही नाही. माझी पानं पिवळीच राहिली. मी माझे जुने मेसेज चारचारदा वाचले आणि मला चूक सापडेना, कारण मला चूक तिच्या वाक्यात दिसत होती. दहाव्या दिवशी तिनं लिहिलं, 'छापील पानावर तू म्हणशील ते. माझ्या घरात पानी आहे ते पानीच आहे. शाळेत यावरून छड्या खाल्ल्या.' तिच्या भागातल्या झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी माझ्या हातानं लाल खूण केली. मी माफी मागितली, एकाच ओळीत, कारणं न देता. तेव्हापासून नियम आहे: दुसरीचं वाक्य विचारल्याशिवाय दुरुस्त करायचं नाही. तुमच्यातही असं काही होईल. तेव्हा आपण बरोबर असल्याचं सिद्ध करत बसू नका. काय लागलं ते सरळ विचारा आणि उत्तर मिळेल ते शब्दशः खरं माना.

पैशांचं थोडक्यात. आम्ही लोक सांगितलेलं खरं धरतो, आणि हे ओळखणारी माणसं असतात. मला एकानं गोड बोलून, दोन आठवडे पुस्तकांवर चर्चा करून, 'आईच्या औषधासाठी' अडीच हजार मागितले आणि मी दिले. आता ठरलेलं आहे: पैसे, ओटीपी, फोटो किंवा घरचा पत्ता मागितला, किंवा 'हे कुणाला सांगू नकोस' असं कुणी म्हटलं, की उत्तर द्यायच्या आधी ते धाकट्या भावाला दाखवायचं. तो कारण विचारत नाही, फक्त हो किंवा नाही सांगतो. असा एक माणूस प्रत्येकानं आधीच ठरवून ठेवावा.

आईबापांनो, मूल लहान असेल तर पलीकडच्या मुलाच्या पालकांशी तुम्ही एकदा बोलून घ्या आणि मग बाजूला व्हा. रोज फोन तपासू नका. 'कुणाशी बोलतोस?' यापेक्षा 'कितव्या पानावर आहात?' हे विचारा, उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. आणि 'हे काय खरे मित्र?' हे वाक्य गिळा. माझी आई दोन वर्षं विचारत होती, खरी मैत्रीण आहे तर घरी का येत नाही. मग तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मी सहा तास बसले होते आणि भंडारा दर अर्ध्या तासानं तक्त्यातलं एकेक नाव पाठवत होती, 'हा कोण, ओळख.' बाराही ओळखले. त्यानंतर आई तिच्यासाठी दिवाळीत चिवडा बाजूला काढते. तो पाठवला जात नाही, मीच खाते.

प्रत्यक्ष भेटणं सक्तीचं नाही. आम्ही एकदाच भेटलो. कोल्हापूर–गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस सांगलीलाही थांबते आणि भंडारा रोडलाही, एकच गाडी, पण प्रवास एक दिवसाहून मोठा. म्हणून मध्ये साताऱ्याला उतरून भिलारला जायचं ठरवलं. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मध्ये आहे ते, २०१७ पासून पुस्तकांचं गाव. गावातल्या घराघरांत वेगवेगळ्या विषयांची पुस्तकं मांडलेली असतात, कुणीही बसून फुकट वाचावं. भेटायचंच असेल तर अशी जागा शोधा जिथे गप्प बसणं विचित्र दिसत नाही. वेळ आधी ठरवा. आम्ही दोन तास ठरवले होते. दोघींनी आपापलं निघण्याचं वाहन वेगळं ठेवा. 'निघते' म्हटलं की दुसरीनं 'इतक्यात?' म्हणायचं नाही, हेही लिहून घ्या.

ती माझ्या कल्पनेपेक्षा उंच निघाली आणि मला ते पचायला दहा मिनिटं लागली. तिनं कानावर हेडफोन घातले होते, मी बोळे घातले होते. एका घराच्या ओसरीवर बसलो, ती चरित्र वाचत होती, मी कविता. मध्येच तिचा फोनवर मेसेज आला, 'शंका. तुझ्या डाव्या हाताला मुंग्या आहेत, त्या चालतात का?' मी हात उचलला. दोन तासांत तोंडानं चार-पाच वाक्यं झाली असतील, त्यातलं एक मुंग्यांबद्दलच.

सध्या एक प्रवासवर्णन चालू आहे. पान ६१ माझ्याकडून अडलं आहे: ओळ ३, 'बन' की 'वन'? दोन्ही अर्थ बसतात. पान लालच ठेवलं आहे. रात्री दोनपर्यंत थांबते.