टक्का वाढला की अध्यक्ष पडतो? हिशेब मांडायची रीत

मतदान वाढलं म्हणजे सत्ताधारी गेला, घसरलं म्हणजे तरला, हे गणित नागपुरातल्या कुठल्याही पानठेल्यावर ऐकायला मिळतं. अमेरिकेची निवडणूक आली की तेच तिकडेही लावलं जातं, आणि तिथेही ते टिकत नाही. २००४ मध्ये टक्का ५४ वरून ६० वर गेला, तरी धाकटे बुश पुन्हा निवडून आले. पुढे दोनदा गणित जुळलंही: २०१२ मध्ये टक्का घसरला, ओबामा तरले. २०२० मध्ये ६० वरून ६६ वर गेला आणि ट्रम्प पडले. त्यातही गंमत अशी, की ओबामांची मतं ६.९५ कोटींवरून ६.५९ कोटींवर आली तरी ते जिंकले, आणि ट्रम्प यांची ६.३० कोटींवरून ७.४२ कोटींवर गेली तरी ते हरले, कारण समोर बायडन ८.१३ कोटींवर होते.

म्हणून टक्का बाजूला ठेवा आणि मतं मांडा. हात बसवायला आधी घरचंच उदाहरण घ्या, नागपूर लोकसभेचं. एक्सेलमध्ये दोन ओळी पुरतात (आघाडी म्हणजे दोघांच्या मतांतला फरक):

२०१९: गडकरी ६,६०,२२१, पटोले ४,४४,२१२, आघाडी २,१६,००९
२०२४: गडकरी ६,५५,०२७, विकास ठाकरे ५,१७,४२४, आघाडी १,३७,६०३

मतदान जेमतेम अर्ध्या टक्क्याने घसरलं, ५५ च्या आसपासहून ५४ वर. पण मतदारयादी वाढली होती, त्यामुळे पडलेली मतं उलट वीसेक हजारांनी जास्तच भरली. टक्क्याकडे पाहणाऱ्याला हे दिसतच नाही. आता आघाडीतली घट काढा: ७८,४०६. तिचे दोन तुकडे करा. गडकरींची स्वतःची मतं कमी झाली ५,१९४, काँग्रेसची वाढली ७३,२१२. ‘उन्हामुळे भाजपचा मतदार घरी बसला’ हे कारण एवढ्या आकड्यांवर उभं राहत नाही. त्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या उमेदवारांचा रकाना जोडून बघा. २०१९ मध्ये वंचित आणि बसपा दोघांचेही उमेदवार होते आणि मिळून अर्ध्या लाखावर मतं घेऊन गेले होते. २०२४ मध्ये वंचितने उमेदवार दिला नाही, काँग्रेसला पाठिंबा दिला. तिसऱ्या-चौथ्या उमेदवाराचा रकाना न ठेवणं ही या कामातली सर्वांत महाग चूक.

एक सावधगिरी. हे सगळे निव्वळ आकडे आहेत. वीस हजार घरी बसले आणि पंधरा हजार नवे आले, तरी वरून पाच हजारांचीच घट दिसते. आत काय झालं ते बघायला खाली उतरावं लागतं: आधी सहा विधानसभा क्षेत्रं, मग बूथ. २०२४ मध्ये पूर्व नागपूरने गडकरींना भरघोस आघाडी दिली, उत्तर नागपुरात काँग्रेस पुढे होती. दोन्हींची सरासरी काढून काहीच हाती लागत नाही. बूथनिहाय मतं फॉर्म २० मध्ये मिळतात, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर. तो लावताना तीन ठिकाणी गाडी अडते. बूथचे क्रमांक दर निवडणुकीत बदलू शकतात, म्हणून क्रमांकावरून नाही, शाळेच्या किंवा वस्तीच्या नावावरून जुळवा. टपाली मतं बूथच्या ओळीत नसतात, शेवटी वेगळी येतात. आणि मतदानाच्या दिवशी पाच वाजताचा आकडा घेऊन बसू नका. मतदान सहापर्यंत चालतं, शिवाय सहाला रांगेत असलेल्यांनाही मत देता येतं.

आता अमेरिका. पहिला प्रश्न: गडी पुन्हा उभा राहू शकतो का? १९५१ च्या बाविसाव्या घटनादुरुस्तीनुसार कोणीही दोनपेक्षा जास्त वेळा अध्यक्षपदी निवडून येऊ शकत नाही. ट्रम्प २०१६ आणि २०२४ असे दोनदा निवडून आलेत, तेव्हा २०२८ पुरता प्रश्न त्यांच्या पक्षाचा उरतो, त्यांचा नाही. रीत मात्र तीच.

दुसरं, भागाकार कशाने केलाय ते बघा. आपल्याकडे टक्का नोंदणीकृत मतदारांवर निघतो. तिकडचे अभ्यासक बहुधा मतदानास पात्र नागरिकांवर काढतात. काही जण सर्व प्रौढांवर, म्हणजे नागरिक नसलेले धरून. एकाच निवडणुकीचे दोन टक्के दिसले तर बहुतेक वेळा कारण हेच. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात तर मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवता येतं, तिथे यादीवर काढलेला टक्का उपयोगाचा नाही.

तिसरं, देशभराची बेरीज सोडा. अध्यक्ष ठरतो इलेक्टोरल मतांवर, म्हणजे राज्याराज्याच्या वाट्याला आलेल्या मतांवर. बहुतेक ठिकाणी राज्य जिंकणाऱ्याला ती सगळी मिळतात. एकूण ५३८, लागतात २७०. २०२० मध्ये बायडन ३०६ वर होते. ॲरिझोना त्यांनी १०,४५७ मतांनी जिंकलं, जॉर्जिया ११,७७९ नी, विस्कॉन्सिन २०,६८२ नी. तिन्ही मिळून ४२,९१८. ही तीन राज्यं फिरली असती तर ३७ इलेक्टोरल मतं जाऊन २६९-२६९ अशी बरोबरी झाली असती आणि निर्णय प्रतिनिधीगृहाकडे, म्हणजे तिकडच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे गेला असता.

इथे खरा हिशेब सुरू होतो. घरी बसलेला मतदार आघाडी एकाने कमी करतो. पलीकडे गेलेला दोनाने. विस्कॉन्सिनचे २०,६८२ भरून काढायला १०,३४२ जणांनी मत बदललं असतं तर पुरलं असतं. आता हेच काम नुसत्या वाढीव मतदानाने करून बघा. समजा नवे मतदार ५५-४५ असे तुमच्या बाजूला झुकले. प्रत्येक शंभरामागे आघाडी हलते दहाने. म्हणजे दोन लाखांवर नवे मतदार लागतील, आणि तिथे एकूण मतं पडली होती सुमारे ३३ लाख. सहा टक्क्यांहून जास्त वाढ! सूत्र सोपं आहे: आघाडी भागिले नव्या मतदारांच्या झुकावातला फरक. फरक दहा टक्के असेल तर ०.१० ने भागा, वीस असेल तर ०.२० ने. नवा मतदार कुठे झुकतो हे ठाऊक नसेल, तर टक्का कितीही हलला तरी उत्तर निघत नाही.

झुकाव काढायला काउंटीनिहाय निकाल घ्या; काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. विस्कॉन्सिनमध्येच मॅडिसन शहराची डेन काउंटी डेमोक्रॅटिक पक्षाची, वॉकेशा रिपब्लिकनांची. मतदान कुठे वाढलं नि कुठे गळालं ते वेगळं मांडा. ‘जास्त मतदान म्हणजे डेमोक्रॅट्सचा फायदा’ ही समजूत जुनी झाली. पदवीधर मतदार त्यांच्याकडे सरकले, आणि पदवीधर तसेही मतदान चुकवत नाहीत. कधीमधी येणाऱ्या मतदारांत ट्रम्प यांचा जोर वाढला. आगाऊ मतदानाचे पक्षनिहाय आकडे दिसले तरी हुरळू नका. पेनसिल्व्हेनिया आणि नेवाडात मतदार पक्षानुसार नोंदवले जातात, विस्कॉन्सिन आणि जॉर्जियात तशी नोंदच नाही. आणि नोंद एका पक्षाची, मत दुसऱ्याला, हेही चालतंच.

शेवटी तीन रकाने करा: झुकाव शून्य, दहा, वीस. प्रत्येकात राज्य कोणाकडे जातं ते लिहा. तिन्हींत एकच नाव आलं तर बिनधास्त सांगा. नावं बदलली तर ‘सांगता येत नाही’ हेच उत्तर लिहा, पैज लावू नका. आणि निकालाच्या रात्री टक्का काढू नका. विस्कॉन्सिनमध्ये टपाली मतपत्रिका मतदानाच्या दिवसाआधी उघडत नाहीत, म्हणून तिथल्या मिलवॉकी शहराचे गठ्ठे मध्यरात्री उशिरा येतात. कॅलिफोर्नियाची मोजणी तर आठवडे चालते. प्रमाणित निकाल आले की मगच एक्सेल उघडा.