स्टाफरूममध्ये बसून एआय कसं शिकायचं

एआयवरच्या एफडीपी, म्हणजे प्राध्यापकांसाठीची प्रशिक्षणं, भरपूर झाल्यात, सर्टिफिकेट कॅसच्या, म्हणजे प्रमोशनच्या फाइलीला लागलं की विषय संपतो आणि वर्गात नेमकं काय करायचं हा प्रश्न तसाच राहतो. त्यापेक्षा कॉलेजातलेच चार-पाच जण जमा, शक्यतो वेगवेगळ्या डिपार्टमेंटचे, आणि आठवड्यातून एक ऑफ लेक्चर ठरवून टाका. पीपीटी नको, पाहुणे नकोत. एक लॅपटॉप आणि प्रत्येकाने आपलं एक असाइनमेंट आणायचं, बस.

पहिल्या दिवशी एवढंच करा, आपण मुलांना देतो ते प्रश्न जसेच्या तसे चॅटजीपीटी नाहीतर जेमिनायला घाला. समजा हिस्ट्रीच्या मॅडमचा प्रश्न आहे, सत्यशोधक समाजाच्या स्थापनेची कारणे लिहा. मिनिटभरात मुद्देसूद उत्तर हजर, मार्क कापायला जागा सापडणार नाही असं. आता त्यालाच म्हणा, संदर्भग्रंथ पान नंबरासकट दे. इथे खरी मजा आहे, नावं एकदम अस्सल वाटतात पण त्यातलं एखादं पुस्तक कधी छापलंच गेलेलं नसतं. स्थापना २४ सप्टेंबर १८७३, पुणे, हे बहुतेक बरोबर सांगेल कारण ते सगळीकडे लिहिलेलंय, पण तालुक्यातल्या एखाद्या कार्यकर्त्याबद्दल विचारा, तेवढ्याच ठसक्यात काहीही ठोकून देऊ शकतं. आणि हे मॅडमनाच पकडता येतं, फिजिक्सच्या सरांना नाही, म्हणून ज्याचा विषय त्यानेच तपासायचं आणि बाकीच्यांनी ते कसं तपासतात ते बघायचं. 'हे सगळं फॅड आहे' म्हणणाऱ्या सिनियर सरांनाही याच कामाला बसवा, लाल पेन घेऊन.

मग तोच प्रश्न सगळ्यांनी मिळून बदलायचा. म्हणजे एआयचं उत्तर छापून मुलांच्याच हातात द्या, यातली तीन विधानं लायब्ररीतल्या पुस्तकावरून तपासा, पान नंबर लिहा, आणि नंतर त्यावर पाच मिनिटं तोंडी. मोठ्या वर्गात तोंडी घेणं जड जातं, मान्य, पण गटागटाने घ्या, सोडू मात्र नका.

उत्तर एआयने लिहिलंय का ते ओळखणाऱ्या डिटेक्टरच्या नादी लागू नका. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने आपला डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केला, मग कुठल्यातरी साइटवरची टक्केवारी दाखवून पोराला केबिनमध्ये उभं करण्यात काय अर्थ आहे?

मुलांची नावं, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी नंबर), मार्कलिस्ट यातलं काहीही टूलमध्ये टाकायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. एक कॉमन गूगल डॉक ठेवा, त्यात प्रॉम्प्ट काय दिला, काय आलं आणि कुठे चुकलं हे लिहायचं, चुकलेलं तर आवर्जून, कारण पुढच्या सेमिस्टरला तेच कामाला येतं. आणि प्रत्येक असाइनमेंटच्या वर एक ओळ टाका की यात एआय चालेल, नाही चालेल, की चालेल पण कुठे वापरलं ते सांगायचं. ही ओळ सगळ्या डिपार्टमेंटची सारखी असू दे, नाहीतर मुलं म्हणणारच, त्या सरांना चालतं मग तुम्हाला का नाही.