उडत्या तबकडीचा फोटो आला, आता तपासायचा कसा?

रात्री साडेअकराला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो पडतो. गच्चीवरून काढलेला, काळ्या आकाशात हिरवट ठिपका, खाली ‘हे काय आहे??’ सकाळपर्यंत तो कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत फिरून आलेला असतो. काढणाऱ्याला लगेच खोटारडा ठरवू नका. बहुतेक वेळा माणूस खरं बोलत असतो, घोळ कॅमेऱ्याचा असतो.

पहिलं काम, मूळ फाइल मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि वेळ, एक्स्पोजर (कॅमेऱ्याने किती वेळ प्रकाश घेतला), जागा या आतल्या नोंदी गळून पडतात. काढणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. ‘डिलीट झाला’ असं उत्तर आलं, तर तपास जवळजवळ तिथेच संपला. असा फोटो घेऊन गेलात तर सरकारी माणूस त्याकडे थंडपणे बघतो तो याचमुळे. त्याला तुमच्याशी वैर नसतं.

मग काढणाऱ्याशी बोला. कुठे उभे होतात, तोंड कुठल्या दिशेला, किती वाजता, काचेतून काढला का? आणि सगळ्यात महत्त्वाचं: ती वस्तू डोळ्यांनी दिसली होती, की नंतर फोटोत सापडली? ‘फोटोतच दिसली’ हे उत्तर आलं की ऐंशी टक्के माझा निकाल लागलेला असतो. (टक्केवारी माझ्या मनाची, कुठल्या अभ्यासाची नव्हे.)

कारण पुढची पायरी भिंगाची. रस्त्यावरच्या झगझगीत दिव्याचा प्रकाश मोबाइलच्या भिंगात आतल्या आत उसळतो आणि फोटोत भलतीकडे ठिपका उमटतो, बऱ्याचदा हिरवट. फोटोचे दोन्ही कर्ण आखा. ते छेदतात तो मध्यबिंदू. दिव्यापासून निघून मध्यातून सरळ पलीकडे तेवढंच अंतर जा. ठिपका तिथे सापडला, तर ते दिव्याचंच प्रतिबिंब समजा. दिवे तीन आणि ठिपकेही तीन, उलट्या रचनेत? मग बघायलाच नको. फोटो कापलेला असेल तर मध्य सरकतो आणि ही युक्ती फसते. मूळ फाइलचा हट्ट त्यासाठीही.

डोळ्यांनी दिसलं असेल तर आधी विमानं. मुंबईत पूर्वेकडून उतरणारी विमानं घाटकोपर-कुर्ल्यावरून येतात. समोरून येणाऱ्या विमानाचा दिवा बराच वेळ जागचा हलत नाही. मीसुद्धा एकदा गच्चीत त्याला ग्रह समजून बसलो होतो. जुहूच्या धावपट्टीवरून हेलिकॉप्टरही उडतात. विमानं कुठे उडताहेत ते दाखवणाऱ्या फ्लाइटरडार या संकेतस्थळावर मागच्या काही दिवसांतली उड्डाणं तारीख-वेळेनुसार पुन्हा पाहता येतात.

नंतर आकाश. स्टेलेरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये मुंबई, तारीख आणि वेळ टाका. संध्याकाळी समुद्रावर एकटाच तळपणारा दिवा बहुधा शुक्र निघतो. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे एका ओळीत सरकणारे ठिपके दिसले, तर ते स्टारलिंकचे, म्हणजे इंटरनेट पुरवणारे उपग्रह. अशा माळा मे २०१९ पासून दिसू लागल्या. पतंग, ड्रोन, हवेत सोडलेले आकाशकंदील यांचीही चौकशी करा, विशेषतः दिवाळीत.

एवढं करूनही उलगडा झाला नाही, तर ‘ओळख पटली नाही’ असं लिहा, ‘परग्रहवासी’ नको. उडत्या तबकड्यांच्या नोंदी तपासणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ने १९४७ ते १९६९ मधल्या १२,६१८ नोंदींपैकी ७०१ याच खात्यात ठेवल्या. नासाच्या स्वतंत्र गटानेही २०२३ च्या अहवालात चांगली माहितीच हाती नसल्याची तक्रार केली. जमलेल्या नोंदींमागे परग्रहवासी असल्याचं मानायला त्यांना कारण सापडलं नाही.

अजून उत्सुकता असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तोच मोबाइल घेऊन त्याच गच्चीवर जा आणि तसाच फोटो काढा. बऱ्याचदा तबकडी तिथेच भेटते, खालच्या दिव्याच्या बरोब्बर उलट्या बाजूला.