खाऱ्या पाण्याच्या टाकीत पहिला मासा सोडताना

टाकी भरून महिना होत आलेला असतो. खडक रचून झाले, वाळू बसली, पाणी नितळ झालं. पंप चालू, दिवे चालू आणि आत मासा मात्र एकही नाही. घरातलं जो तो विचारतो, "मासे कधी आणायचे?" हात शिवशिवतात हे खरं, पण पहिल्या माशाचं बरंवाईट बहुतेक वेळा तो घरी येण्याआधीच ठरतं. म्हणून आधीची तयारी मी जरा सविस्तर सांगणार आहे.

टाकी पिकली का, ते आधी तपासा

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. समुद्रात तो विरून जातो, पण शंभर-दोनशे लिटरच्या काचेच्या पेटीत साठत राहतो आणि माशाचे कल्ले भाजतो. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. टाकी पिकणं म्हणजे खडकांच्या छिद्रांत आणि वाळूत त्यांची वस्ती वाढणं, आणि त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले तयार जिवाणू घातले तर वेळ कमी लागतो, पण मोजमाप तेव्हाही चुकवू नका.

मोजायचं असं. टाकीत अमोनियम क्लोराइडचं द्रावण घालून अमोनिया 2 पीपीएमपर्यंत (दर दहा लाख भागांत दोन भाग) न्या. 24 तासांनी पुन्हा तपासा. अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य आणि नायट्रेट चढलेलं दिसलं, तर ही टाकी एका लहान माशाचा भार पेलेल. नायट्रेट फार चढलं असेल तर मासा सोडण्याआधी बरंचसं पाणी बदलून घ्या.

तपासणीच्या किटमधली परीक्षानळी पांढऱ्या कागदासमोर धरा आणि दिवसाउजेडी बघा. अमोनियाच्या बऱ्याच किटमध्ये शून्याला पिवळा रंग येतो आणि अमोनिया असेल तर त्यात हिरवट झाक येते. पिवळ्या दिव्याखाली ती झाक हमखास नजरेतून सुटते.

याच सुमारास काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर धरतो. तो डायटम शेवाळाचा असतो, नव्या टाकीत येतोच आणि यथावकाश ओसरतो. त्याला घाबरून औषधं ओतत बसू नका.

पूर्वी एखादा काटक डॅम्सेल मासा आत सोडून टाकी पिकवायची पद्धत होती. कृपा करून तसं करू नका. तो मासा कित्येक दिवस स्वतःच्याच अमोनियात श्वास घेत राहतो. अमोनिया बाटलीतून घालता येत असताना एका जिवाला हे भोगायला लावायचं कारणच उरत नाही.

खारटपणा आणि तापमान

विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेत घनता, यावरूनच खारटपणा कळतो) 1.025 ते 1.026, तापमान 25 ते 26 अंश सेल्सिअस, पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली, त्याचा आकडा) 8.1 ते 8.4. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबभर पाण्यातून खारटपणा दाखवणारं उपकरण, घ्या आणि 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) प्रमाणित द्रावणावर त्याचा आकडा जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य लावलेला रिफ्रॅक्टोमीटर समुद्राच्या खारटपणाला चुकीचा आकडा दाखवू शकतो. बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून पातळी उतरली की भर गोड्या आरओ पाण्याची घालायची, खाऱ्याची नाही.

कोणता मासा?

माझं मत विचाराल तर ऑसेलॅरिस क्लाउनफिश, तोही टाकीत पैदास झालेला. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा तो काचेला आणि तयार खाण्याला सरावलेला असतो. त्याला समुद्रफुलाची, म्हणजे अ‍ॅनिमोनीची, गरज नसते आणि नव्या टाकीत अ‍ॅनिमोनी टिकणंही अवघडच. जोडी हवी असेल तर दोन लहान पिल्लं घ्या, एक जरा मोठं आणि एक छोटं. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात आणि जोडीत जो वरचढ ठरतो त्याची पुढे मादी होते. दोन पूर्ण वाढलेल्या माद्या एकत्र आल्या तर जिवावर बेतेपर्यंत भांडतात.

पुढे फायरफिशसारखा भित्रा मासा ठेवायचा विचार असेल, तर तो आधी सोडा आणि क्लाउनफिश नंतर. भांडकुदळ मासा नेहमी सर्वांत शेवटी. फायरफिश दचकला की सरळ पाण्याबाहेर उडी मारतो, त्यामुळे टाकीवर जाळी हवीच.

ब्लू टँग दुकानात बोटाएवढा दिसतो, पण वाढून 30 सेंटिमीटरपर्यंत जातो. मँडरिन मासा दिवसभर कोपेपॉड नावाचे बारीक जलजीव टिपून जगतो. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात आणि तो डोळ्यांदेखत वाळत जातो. दोन्ही कितीही सुंदर वाटले तरी सध्या नकोत.

पैसे देण्याआधी दुकानदाराला तुमच्यासमोर खाणं टाकायला सांगा. जो मासा खात नाही तो घ्यायचा नाही. पोट खपाटीला गेलेलं नसावं, डोळे स्वच्छ असावेत, अंगावर पांढरे ठिपके किंवा भुरकट थर नसावा, कल्ले धापा टाकल्यासारखे हलत नसावेत. आणि एक प्रश्न न विसरता विचारा: "तुमच्या पाण्याचा खारटपणा किती?" बऱ्याच ठिकाणी मासे 1.020 च्या आसपास किंवा त्याहूनही कमी खारट पाण्यात ठेवतात.

आधी वेगळ्या टाकीत

चाळीस लिटरची साधी टाकी, हीटर, स्पंज फिल्टर आणि लपायला प्लॅस्टिक पाइपचा तुकडा, एवढं पुरतं. स्पंज मात्र आधीपासून मोठ्या टाकीत ठेवून जिवाणूंनी भरू द्या. मासा इथे निदान चार आठवडे राहू दे. तेवढा काळ मोठ्या टाकीतल्या जिवाणूंची उपासमार होऊ नये म्हणून अधूनमधून थोडा अमोनिया घालत राहा.

बरेच जण म्हणतात, टाकीत दुसरा मासाच नाही, मग क्वारंटाइन कशाला? कारण रोग टाकीत मुक्काम करतो. क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या परजीवीचे पांढरे ठिपके काही दिवसांनी गळून पडतात आणि मासा बरा झाला असं वाटतं. प्रत्यक्षात ते परजीवी वाळूत आणि खडकांवर कोश करून बसतात आणि एकेका कोशातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. त्यावरचं तांब्याचं औषध खडक असलेल्या टाकीत घालता येत नाही, कारण कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ त्यानं मरतात. मग मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने रिकामी ठेवायची वेळ येते.

पिशवी उघडण्याची घडी

माझा पहिला क्लाउनफिश लांबचा प्रवास करून आला होता. मी पिशवी उघडली, पाणी बादलीत ओतलं आणि नळीनं थेंब थेंब टाकीचं पाणी सोडत दोन तास बसून राहिले. वाटलं, जितकं सावकाश तितकं चांगलं. पहिल्या अर्ध्या तासातच तो पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागला आणि रात्री गेला. तिथे काय घडलं असावं, ते मला पुढे कळलं.

बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. पीएच कमी असतो तोवर अमोनिया बराचसा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तेच अमोनियम विषारी अमोनिया होतं. मासा त्यातच पोहत असतो. म्हणून सगळा धीर पिशवी उघडण्याआधी दाखवायचा, उघडल्यानंतर नाही.

क्वारंटाइनच्या टाकीचा खारटपणा आदल्या दिवशीच दुकानाच्या आकड्याला आणून ठेवा. खोलीतला उजेड कमी करा, टाकीचा दिवा बंद ठेवा. बंद पिशवी 15 ते 20 मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, म्हणजे तापमान जुळेल. मग पिशवी उघडा आणि दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून बघा. फरक 0.002 च्या आत असेल तर मासा लगेच सोडा. जास्त असेल आणि पिशवीतलं पाणी कमी खारट असेल, तर टाकीत हाताशी ठेवलेलं गोडं आरओ पाणी त्याच तापमानाला आणून मिसळा आणि तिचा खारटपणा उतरवा. पुढे रोज 0.001-0.002 नं चढवत न्यायचा. समुद्री माशाच्या शरीरातून पाणी सतत बाहेर ओढलं जातं आणि ते भरून काढायला तो खारं पाणी पितो. म्हणूनच खारटपणा एकदम वाढला तर त्याला सोसत नाही, उतरला तर बऱ्यापैकी सोसतो.

थेंब थेंब सोडायची पद्धत तासाभराच्या प्रवासातून आलेल्या माशाला चालते, तीही अर्ध्या तासात आटोपायची.

मासा उचलायला जाळीऐवजी प्लॅस्टिकचा पेला वापरा. क्लाउनफिशच्या कल्ल्यांवरच्या झाकणाला बारीक काटे असतात, ते जाळीत अडकतात. पिशवीतलं पाणी टाकीत पडू देऊ नका.

पुढचे काही दिवस

पहिला दिवस दिवे बंदच ठेवा. मासा पाइपमध्ये किंवा हीटरमागे दडून बसेल, त्याला हुसकू नका. क्लाउनफिश रात्री कोपऱ्यात तिरका होऊन नुसता डोलत असतो. पहिल्यांदा बघताना काळजात धस्स होतं, पण तो झोपलेला असतो.

दुसऱ्या दिवशी वितळवलेल्या मायसिस कोळंबीचे चार-पाच तुकडे द्या. दोन मिनिटांत संपेल एवढंच, उरलेलं काढून टाका. आठवडाभर रोज अमोनिया मोजा. 0.25 पीपीएम दिसला तर त्याच खारटपणाचं, त्याच तापमानाचं ताजं पाणी घालून चौथा हिस्सा बदला आणि त्या दिवशी खाणं देऊ नका. मोठ्या टाकीत हलवल्यावरही आठवडाभर हेच करा.

दुसऱ्या माशालाही आधी क्वारंटाइनमधूनच जाऊ द्या. तो मोठ्या टाकीत जाणार असेल त्या सकाळी खडकांची मांडणी थोडी बदला, म्हणजे पहिल्यानं आखलेली हद्द मोडते आणि दोघंही नव्यानं जागा शोधायला लागतात.