टीएल-०१ : जुन्या गाडीची चाके पुन्हा हलकी करताना

तामिया या जपानी कंपनीच्या रिमोट कंट्रोल मॉडेल गाडीच्या टीएल-०१ या शाफ्ट-ड्राइव्ह (मोटरची ताकद दांड्याने चाकांपर्यंत नेणाऱ्या) चॅसिसमध्ये, म्हणजे सांगाड्यात, पहिला खर्च मोटरवर न करता बेअरिंगवर करावा, कारण किटसोबत येणारे प्लास्टिकचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) झिजले की शाफ्ट डगमगतो आणि गिअरचे दाते एकमेकांना खाऊ लागतात. त्यांच्या जागी ११ मिमी बाहेरील व ५ मिमी आतील व्यासाचे बॉल बेअरिंग बसवावे. गिअरबॉक्स उघडल्यावर काळे पडलेले जुने ग्रीस साबणाच्या कोमट पाण्याने व दात घासण्याच्या जुन्या ब्रशने काढावे. पेट्रोल मात्र वापरू नये, त्याने प्लास्टिक तडकू शकते. नवे ग्रीस दात्यांवर चकाकी दिसेल इतकेच लावावे. मग मोटर काढून चाक बोटाने फिरवावे. खरखर जाणवल्यास पुन्हा उघडावे.