खुर्च्यांखालचे पर्चे

पहिली मीटिंग संपली, लोक पांगले आणि मी हॉल आवरायला घेतला. खुर्च्यांखालून ४१ पर्चे निघाले. आले होते साठाच्या आतबाहेर लोक. दोन पर्च्यांवर कुणी तरी जिलबी ठेवून खाल्ली होती, एकाची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली होती. त्या एकाचा तेवढा तरी उपयोग झाला.

मी इंदूरला सुदामा नगरात राहते. घरगुती सफाईच्या आणि स्वयंपाकघरातल्या वस्तू डायरेक्ट सेलिंगमधून विकते, म्हणजे दुकान न थाटता, ओळखीपाळखीतून. नवीन विक्रेते जोडायचे म्हणून आम्ही मीटिंगा घेतो आणि तिथे काही तरी कागद वाटायचा असतो. त्याला पत्रक म्हणा, पॅम्प्लेट म्हणा, आमच्या इंदुरी मराठीत तो पर्चाच. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याला पर्चा म्हणजे सगळ्यात किरकोळ बाब वाटते. मलाही तसंच वाटलं होतं.

तो पहिला पर्चा माझा नव्हताच. अपलाइनच्या, म्हणजे टीममध्ये माझ्या वर असलेल्या, ताईंनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ होती. वर उगवता सूर्य, खाली परदेशी गाडी, मध्ये ‘स्वतःचे मालक व्हा’ आणि महिन्याच्या कमाईचा एक पाच आकडी आकडा. आम्ही विकतो काय, ते अख्ख्या कागदावर कुठेच नव्हतं. मी तो चकचकीत कागदावर, चार रंगांत, शंभर प्रती छापून आणला आणि मीटिंगच्या आधी प्रत्येक खुर्चीवर एकेक ठेवला. केवढा अभिमान वाटत होता मला!

चहाच्या वेळी बँकेतून निवृत्त झालेले एक काका पर्चा हातात घेऊन आले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, “हा कागद कंपनीचा, की तुमचा?” मी म्हटलं, आमच्या टीमचा. “म्हणजे कंपनीला माहीत नाही?” मला उत्तर सुचेना. काकांनी चष्मा पुसला. म्हणाले, “मग बेटा, आधी नियम वाच.”

रात्री वाचले. ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे वेगळे नियम आहेत, २८ डिसेंबर २०२१ चे. त्यात साफ लिहिलंय की कंपनीने मंजूर न केलेलं कोणतंही साहित्य विक्रेत्याने समोरच्याला द्यायचं नाही. मालाबद्दल कंपनी जेवढा दावा करते त्याबाहेरचा दावा विकताना करायचा नाही. साहित्य किंवा डेमोचं सामान समोरच्याला विकत घ्यायला लावायचं नाही. माझ्या पर्च्यावर तर कोपऱ्यात तारा काढून ‘किट घेणे आवश्यक’ असंही होतं. म्हणजे एकाच कागदात किती घोळ! उरलेल्या प्रती घरी आणल्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मुलाने वर्षभर गणितं सोडवली.

म्हणून पहिलं सांगणं हे, की पर्च्याचं काम मीटिंगच्या आदल्या आठवड्यात काढू नका. महिनाभर आधी मजकूर लिहा, कंपनीच्या विक्रेता मदत विभागाला ईमेल करा आणि लेखी होकार येईपर्यंत छापखान्याची पायरी चढू नका. मला होकार यायला दोन आठवडे लागले, त्यातही एक वाक्य त्यांनी गाळायला लावलं. फोनवर कुणी “हो हो, चालेल” म्हटलं तर तो होकार नाही. एवढी दगदग नको असेल तर कंपनीचं छापील माहितीपत्रक घ्या आणि ठरवून दिलेल्या जागी फक्त आपलं नाव-नंबर टाका. सुरुवातीला मी तरी हेच करा म्हणेन. त्यात हौस भागत नाही, ते सोडा.

आता मजकूर. माझी चूक कुठे झाली ते कळायला मला तीन मीटिंगा लागल्या. मी पर्चा हॉलमध्ये बसलेल्या माणसासाठी लिहीत होते. त्याला मी समोर दिसतेय, माल टेबलावर मांडलाय, शंका आली तर हात वर करता येतो. पर्चा वाचला जातो घरी, रात्री जेवणं झाल्यावर, आणि वाचणारा वेगळाच असतो: नवरा, सासरे, मोठी जाऊ, कॉलेजातला मुलगा. “दाखव बरं काय दिलंय” म्हणत तो कागद हातात घेतो आणि पहिला प्रश्न टाकतो, “पैसे किती भरायचे?” त्या माणसासाठी लिहा. मीटिंगला न आलेल्या, आधीच संशय धरून बसलेल्या माणसासाठी.

माझ्या आताच्या पर्च्यावर वर कंपनीचं पूर्ण नाव आणि आम्ही काय विकतो ते एका ओळीत आहे. खाली तीन वस्तू, छापील किमतीसकट. मग एकच हिशोब, पण पूर्ण. भांडी घासायच्या लिक्विडची बाटली, छापील किंमत २५० रुपये, विक्रेत्याला पडते २०० ला. महिन्यात १० बाटल्या गेल्या तर सुटतात ५००. त्यातून पोचवायचं पेट्रोल १५० धरलं तर हातात ३५०. (हे आकडेही मंजुरीला पाठवले होते. हिशोब म्हणजेसुद्धा दावाच.) अपलाइनच्या ताई म्हणाल्या, “अगं, साडेतीनशे वाचून कोण येईल?” येणारे कमी झाले हे खरं. पण जे आले ते दुसऱ्या महिन्यातही होते, आणि मला कुणाच्या नवऱ्याचा रागाचा फोन आला नाही.

मागच्या बाजूला आत यायची फी शून्य, हे मोठ्या अक्षरात. लेखी करार होतो हे. करारानंतर किती दिवसांत दंड न भरता माघार घेता येते ते, म्हणजे कूलिंग ऑफची मुदत. तिचे दिवस आपल्या कंपनीच्या करारात बघून टाका, दुसऱ्या कंपनीच्या पर्च्यावरून उतरवू नका. माणसं जोडल्याबद्दल पैसे मिळत नाहीत, माल विकल्याबद्दल मिळतात, हे वाक्य मी कधीच गाळत नाही. चिटफंडात आणि साखळी योजनांत पोळलेलं एखादं तरी घर प्रत्येक गल्लीत असतं. पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ पासून कायद्याने बंदी आहे, आणि त्यातला नि आपल्यातला फरक लोकांना आपणच सांगायचा असतो. शेवटी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर, माझं नाव, विक्रेता क्रमांक, मोबाइल. आपल्याच पर्च्यावर तक्रारीचा नंबर छापायचा म्हणजे पायावर धोंडा, असं एक जण म्हणाला होता. सासरे मंडळींचा अनुभव त्याला नसावा.

भाषेचं सांगायचं तर इंदुरात एकाच घरात आजी मराठी वाचते आणि नातू हिंदी. म्हणून पुढची बाजू मराठी, मागची हिंदी असं एकदा केलं आणि फसले, कारण मागची कामाची माहिती आजीला लागेना. आता दोन्ही भाषांचे वेगळे पर्चे काढते, दाराशी विचारून देते.

आणि टायपिंग! राजवाड्याजवळ खजुरी बाजारात एका दुकानात मी मजकूर दिला. दुकानदाराचा हात हिंदीवर बसलेला. प्रूफ आलं त्यात ‘सभेची वेळ’ची ‘सभेची वेल’ झाली होती, ‘मिळेल’चं ‘मिलेल’ आणि ‘काळजी’ची ‘कालजी’. मी म्हटलं, भैया, ये ‘ळ’ है. तो स्क्रीनजवळ नाक नेऊन म्हणाला, “दीदी, ये घुमा हुआ ल तो हमारे यहाँ कोई माँगता ही नहीं.” शेवटी ते अक्षर कळफलकावर दोघांनी मिळून शोधलं. मोबाइलवर टाइप केलेला युनिकोडमधला मजकूर कृतिदेवमध्ये, म्हणजे टायपिंगच्या दुकानांतल्या जुन्या हिंदी फॉन्टमध्ये, बदलून घेतला की जोडाक्षरं आणि रफार कुठेही जाऊन बसतात. म्हणून मोबाइलवर फोटो मागवून ‘ओके’ म्हणू नका. दुकानात जा, कागदावर प्रूफ काढून घ्या आणि आकडे मोठ्याने वाचा. मोबाइल नंबर तर तिथेच उभं राहून लावून बघा.

कागदाबद्दल थोडक्यात. ए-फोरचा अर्धा, म्हणजे ए-फाइव्ह, पुरतो. पर्समध्ये एका घडीत जातो आणि एका रिमच्या ५०० कागदांतून हजार पर्चे निघतात. चकचकीत कागद घेऊ नका, त्यावर बॉलपेन चालत नाही आणि लोकांना कडेला काहीबाही लिहायचं असतं. काळी शाई, साधा पांढरा कागद, अक्षर आजीला चष्म्यासकट दिसेल एवढं. साठ खुर्च्या असतील तर ७५ प्रती काढा, शंभर नको. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत नाव राखून आहे, इथे तुमचा पर्चा रस्त्यावर उडताना दिसला तर कंपनीची जाहिरात होते, पण उलटी.

वाटायचा कधी? मी शेवटी वाटते. आधी दिला की माणसं मान खाली घालून वाचत बसतात आणि आपण त्यांच्या भांगाशी बोलत राहतो. आता खुर्चीवर फक्त कोरा कागद आणि पेन ठेवते, प्रश्न लिहायला. पर्चा दाराशी, हातात, नाव विचारून. ज्याला नको त्याला नको. नाव-नंबर घ्यायची चिठ्ठी वेगळी असते, तीवर ‘मला फोन केलेला चालेल’ असा चौकोन. आधारची झेरॉक्स, पॅन, पैसे यातलं काही मीटिंगमध्ये घेत नाही. ते नंतर, करार वाचून झाल्यावर.

मागच्या मीटिंगला लोकमान्य नगरातली एक मुलगी आली होती. काही न बोलता पर्चा घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी फोन आला, पण तिचा नाही, तिच्या सासूबाईंचा. पर्चा पुढून मागून वाचलेला होता, कारण त्या मला तक्रार अधिकाऱ्याचं नावसुद्धा सांगत होत्या. म्हणाल्या, “सगळं लिहिलंत, पण सुनेच्या हातून गेलेली बाटली गिऱ्हाइकाने परत आणली तर पैसे कोण देणार? ती, की कंपनी?”

खरंच, ते कुठे नव्हतं. मी करार काढून त्यांना फोनवरच वाचून दाखवला. सुनेने काम घेतलं नाही, सासूबाईंनी दोन बाटल्या मागवल्या. परताव्याची ती ओळ लिहून मी परवाच कंपनीला मंजुरीसाठी पाठवली आहे. होकार आला की मागच्या बाजूला सगळ्यात वर तीच येईल.